पोस्टग्रेसमधला 'ॲक्सेस प्रिव्हिलेजेस'चा रकाना कसा वाचायचा, आणि परवानगी नेमकी कुठे अडते

कळफलक

पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये 'परमिशन डिनाइड' (परवानगी नाही) दिसलं की 'ग्रँट ऑल' (सगळ्या परवानग्या देणारी आज्ञा) ठोकून मोकळं व्हायचं, ही खोड बऱ्याच टीममध्ये आहे. काम चालू होतं, पण सहा महिन्यांनी कोणाच्या हातात काय आहे ते कोणालाच सांगता येत नाही. पोस्टग्रेसने सगळं नोंदवून ठेवलेलं असतं, फक्त सांकेतिक अक्षरांत. ती अक्षरं लावता यावीत म्हणून हा धागा.

उदाहरण एकच धरू, म्हणजे प्रतिसादांतही तेच चालेल. एका दूध संघाचा डेटाबेस, त्यात 'संकलन' नावाची स्कीमा (टेबलांचा गट). टेबलं तीन: 'सभासद' (सभासद_क्र, नाव, गाव, बँक_खाते), 'पावती' (पावती_क्र, सभासद_क्र, तारीख, पाळी, लिटर, फॅट, एसएनएफ, रक्कम) आणि 'दर'. रोल (खाती किंवा खात्यांचे गट) चार: 'संघ_मालक' (टेबलांचा मालक, लॉगिन नाही), 'मायग्रेशन' (टेबलं बनवणारं, बदलणारं खातं), 'केंद्र_ॲप' (केंद्रावरचं सॉफ्टवेअर) आणि 'अहवाल' (फक्त वाचणारे).

पीएसक्यूएलमध्ये (पोस्टग्रेसला आज्ञा द्यायचं साधन) '\डीपी संकलन.पावती' दिलं की ॲक्सेस प्रिव्हिलेजेसच्या रकान्यात असं काहीसं येतं. स्क्रीनवर अक्षरं रोमन आणि एकमेकांना चिकटलेली असतात, इथे सोडवून लिहितो:

संघ_मालक = ए, आर, डब्ल्यू, डी, मोठा डी, एक्स, टी / संघ_मालक
केंद्र_ॲप = ए, आर, डब्ल्यू / संघ_मालक
अहवाल = आर / संघ_मालक

बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडे परवानगी कोणाला मिळाली, मधे कसली, आणि तिरक्या रेघेनंतर कोणी दिली. आर म्हणजे रीड, म्हणून सिलेक्ट. ए म्हणजे अपेंड, म्हणून इन्सर्ट. डब्ल्यू म्हणजे राइट, म्हणजे अपडेट. लहान डी डिलीट, मोठा डी ट्रंकेट. लहान एक्स रेफरन्सेस, मोठा एक्स फंक्शनचं एक्झिक्यूट. लहान टी ट्रिगर, मोठा टी टेम्पररी. मोठा यू यूसेज, मोठा सी क्रिएट, लहान सी कनेक्ट. आवृत्ती १७ पासून टेबलांना एम हे अक्षर जोडलं गेलं, मेंटेन. व्हॅक्युम, ॲनलाइझ, रीइंडेक्स, मटेरियलाइज्ड व्ह्यूचं रिफ्रेश हे सगळं त्यात आलं. ही कामं पूर्वी टेबलाच्या मालकालाच करावी लागत.

अक्षरामागे तारा असेल तर ती परवानगी पुढे वाटण्याचा हक्कही त्या रोलला आहे. आणि बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडे काहीच नसेल तर ती ओळ पब्लिकची, म्हणजे डेटाबेसपर्यंत पोचणाऱ्या सगळ्यांची. ही ओळ डोळ्यांना पटकन दिसत नाही आणि घोळ बहुतेक तिथेच असतो.

रकाना पूर्ण रिकामा असेल तर? 'कोणालाच काही नाही' असं समजू नका. त्या वस्तूवर आजवर एकही ग्रँट (परवानगी देणं) किंवा रिव्होक (काढून घेणं) झालेलं नाही आणि मूळ नियम लागू आहेत, एवढाच त्याचा अर्थ. टेबलासाठी मूळ नियम म्हणजे मालकाला सगळं, पब्लिकला शून्य. पण डेटाबेसवर पब्लिकला कनेक्ट आणि टेम्पररी आपोआप असतं, फंक्शनवर एक्झिक्यूट, आणि डेटा टाइप व प्रोग्रामिंग लँग्वेजवर यूसेज. म्हणजे फंक्शनचा रिकामा रकाना म्हणजे सताड उघडं दार. पहिलं ग्रँट दिलंत की हे मूळ नियमही रकान्यात उमटतात. त्यामुळे एकच ओळ दिली आणि तीन कशा आल्या, असं वाटून दचकू नये. सगळ्या परवानग्या खरोखरच काढून टाकल्या तर १७ पासून पीएसक्यूएल तिथे कंसात 'नन' दाखवतं. त्याआधीच्या आवृत्त्यांत दोन्ही प्रकार सारखेच कोरे दिसायचे.

आता अडतं कुठे. लॉगिनच होत नसेल आणि चुकीत (एररमध्ये) पीजी_एचबीए या, कोणी कुठून जोडायचं ते ठरवणाऱ्या फाइलचं नाव असेल, तर तो ग्रँटचा विषयच नाही, ती फाइल बघा. त्यापुढे तीन पायऱ्या: डेटाबेसवर कनेक्ट, स्कीमावर यूसेज, टेबलावर हवी ती परवानगी. एररचा मजकूर कोणती पायरी ते सांगतो. 'परमिशन डिनाइड फॉर स्कीमा संकलन' असेल तर टेबलावर कितीही ग्रँट ओता, फरक पडणार नाही.

ग्रँट यूसेज ऑन स्कीमा संकलन टू अहवाल;
ग्रँट सिलेक्ट ऑन ऑल टेबल्स इन स्कीमा संकलन टू अहवाल;

वाचणाऱ्या रोलला सुरुवातीला या दोन ओळी पुरतात. पुढची भर जाणकारांनी घालावी.

पानशेत

वाचनखूण साठवली. पण 'ऑल टेबल्स' या शब्दांनी फार लोक फसतात, म्हणून लिहितो. ती ओळ चालवली त्या क्षणी स्कीमात जी टेबलं, व्ह्यू आहेत, तेवढ्यांनाच ती लागू. उद्या मायग्रेशनने 'शीतकरण' नावाचं टेबल बनवलं की अहवालला पुन्हा 'परमिशन डिनाइड'. मग कोणीतरी ती ओळ क्रॉनमध्ये (ठरावीक वेळी आपोआप चालणाऱ्या कामांत) टाकतं. तसं करू नये. त्यासाठी डिफॉल्ट प्रिव्हिलेजेस आहेत, आवृत्ती ९.० पासून:

ऑल्टर डिफॉल्ट प्रिव्हिलेजेस फॉर रोल मायग्रेशन इन स्कीमा संकलन ग्रँट सिलेक्ट ऑन टेबल्स टू अहवाल;

'फॉर रोल' गाळलंत तर ओळ चालवणाऱ्यापुरताच नियम होतो. म्हणजे डीबीएने सुपरयूजर (सगळे अधिकार असलेल्या) खात्याने ती चालवली आणि टेबलं मायग्रेशन खातं बनवत असलं, तर नियम कायम तसाच पडून राहणार. चूक येत नाही, काही नाही. '\डीडीपी' दिलं की कोणासाठी कोणता नियम आहे ते दिसतं. पहिल्या रकान्यातलं नाव टेबलं बनवणाऱ्याचं आहे ना, एवढं बघा.

कळफलक

बरोबर. त्यात आणखी एक गाठ आहे. मायग्रेशन हा रोल संघ_मालकचा सदस्य आहे, म्हणून संघ_मालकसाठी केलेला नियम त्यालाही लागेल असं वाटतं. लागत नाही. टेबल बनवताना चालू रोल कोणता होता, एवढंच बघितलं जातं. त्यामुळे मायग्रेशन स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत 'सेट रोल संघ_मालक' टाकावं. सगळी टेबलं एकाच मालकाची होतात, डिफॉल्टचा नियमही एकदाच 'फॉर रोल संघ_मालक' असा लिहावा लागतो. ड्रॉप आणि ऑल्टर टेबलसाठी ग्रँट नावाची वस्तूच नाही. तो हक्क मालकाचा आणि मालक-रोलच्या सदस्यांचा. पाच जणांनी पाच खात्यांनी टेबलं बनवलेली असली की 'मस्ट बी ओनर ऑफ टेबल' यायला लागतं आणि मग कोणीतरी सगळ्यांना सुपरयूजर करतं.

खडूस_डीबीए

एवढा खटाटोप कशाला? १४ पासून 'पीजी_रीड_ऑल_डेटा' हा तयार रोल आहे. 'ग्रँट पीजी_रीड_ऑल_डेटा टू अहवाल', विषय संपला. नवी टेबलं, नव्या स्कीमा, सगळं वाचता येतं, यूसेजही वेगळं द्यावं लागत नाही.

रंकाळा

विषय संपतो खरा, पण सभासदांच्या बँक खात्यांसकट. तो रोल सगळ्या स्कीमांतली सगळी टेबलं, व्ह्यू, सीक्वेन्स उघडतो. शिवाय रोल हे अख्ख्या क्लस्टरचे (सर्व्हरवरच्या सगळ्या डेटाबेसांचे मिळून) असतात, एका डेटाबेसचे नसतात. त्याच सर्व्हरवर पगाराचा डेटाबेस असेल आणि अहवालला तिथे कनेक्ट असेल (पब्लिकला असतंच, वर लिहिलंय), तर पगारही वाचता येतील. पीजी_डंपने बॅकअप घेणाऱ्या खात्याला तो रोल योग्य. तिथेही एक अडचण येते: रो लेव्हल सिक्युरिटी (कोणाला कोणत्या ओळी दिसाव्यात ते ठरवणारी सोय) लावलेल्या टेबलांवरचे नियम हा रोल ओलांडत नाही. त्यामुळे पीजी_डंप अशा टेबलापाशी चूक देऊन थांबतं, आणि बॅकअपच्या खात्याला 'बायपास आरएलएस' (हे नियम ओलांडायचा हक्क) वेगळं द्यावं लागतं. ते थांबतं हे बरंच आहे म्हणा, अर्धवट ओळींचा बॅकअप निमूट तयार होण्यापेक्षा.

खडूस_डीबीए

बॅकअपपुरता हे मान्य. अहवालासाठीचा सल्ला मागे घेतो.

अर्धविराम

केंद्र_ॲपच्या बाजूने लिहितो, कारण वाचणाऱ्यांपेक्षा लिहिणाऱ्यांचं जास्त अडतं.

पावती_क्र जर 'सीरियल' (आपोआप वाढणारा क्रमांक) असेल तर पावतीवर इन्सर्ट देऊन भागत नाही. 'परमिशन डिनाइड फॉर सीक्वेन्स' येतं, कारण नवा आकडा काढणारा सीक्वेन्स ही वेगळी वस्तू आहे आणि तिचा रकाना वेगळा. 'ग्रँट यूसेज ऑन ऑल सीक्वेन्सेस इन स्कीमा संकलन टू केंद्र_ॲप' द्यावं लागतं, आणि डिफॉल्ट प्रिव्हिलेजेसमध्येही 'ऑन सीक्वेन्सेस'ची ओळ वेगळी. यूसेज दिलं की नेक्स्टव्हॅल, करव्हॅल चालतं. सेटव्हॅलसाठी अपडेट लागतं, ते ॲपला देऊ नका. नवीन टेबल असेल तर सीरियलऐवजी 'जनरेटेड ऑलवेज ॲज आयडेंटिटी' वापरा (आवृत्ती १० पासून). त्यात इन्सर्टला सीक्वेन्सची परवानगी लागत नाही.

दुसरं: अपडेट दिलं, सिलेक्ट दिलं नाही. 'अपडेट पावती सेट रक्कम = ०' हे चालतं (देव करो आणि कोणी न चालवो), पण 'व्हेअर पावती_क्र = ७१२' जोडलं की अडतं. व्हेअरमध्ये कॉलम वाचावा लागतो, म्हणून सिलेक्टही हवं. डिलीटचंही तसंच. म्हणजे अख्खं टेबल पुसायला मुभा आणि एक ओळ पुसायला मनाई, असा उफराटा प्रकार होतो. 'रिटर्निंग पावती_क्र' लावलेल्या इन्सर्टलाही त्या कॉलमवर सिलेक्ट लागतं. बरेच ओआरएम (ॲपसाठी क्वेरी तयार करणाऱ्या लायब्ररी) न विचारता रिटर्निंग जोडतात. त्यामुळे 'हातानं इन्सर्ट होतंय, ॲपमधून होत नाही' अशी तक्रार आली की पहिलं तिथे बघा. 'ऑन कॉन्फ्लिक्ट डू अपडेट'ला तर इन्सर्ट, अपडेट, सिलेक्ट तिन्ही.

तिसरा_डोळा

बँक_खाते लपवायचं कसं ते कोणीच सांगितलं नाही. बहुतेक जण हे करतात:

ग्रँट सिलेक्ट ऑन संकलन.सभासद टू अहवाल;
रिव्होक सिलेक्ट (बँक_खाते) ऑन संकलन.सभासद फ्रॉम अहवाल;

दुसऱ्या ओळीला सर्व्हर 'रिव्होक' असं उत्तर देतो, माणूस समाधानानं चहा प्यायला जातो, आणि अहवालला बँक_खाते पूर्वीसारखंच दिसत राहतं. टेबलाची परवानगी आणि कॉलमची परवानगी या दोन वेगळ्या नोंदी आहेत. टेबलावर आर असताना कॉलमवरची, मुळात नसलेलीच, नोंद काढून काय होणार? बरोबर क्रम असा:

रिव्होक सिलेक्ट ऑन संकलन.सभासद फ्रॉम अहवाल;
ग्रँट सिलेक्ट (सभासद_क्र, नाव, गाव) ऑन संकलन.सभासद टू अहवाल;

क्रम उलटा केला तर टेबलावरचं रिव्होक नुकत्याच दिलेल्या कॉलमच्या परवानग्याही पुसून टाकतं आणि हातात काहीच उरत नाही.

यानंतर 'सिलेक्ट *' अडणार, आणि चूक 'परमिशन डिनाइड फॉर टेबल सभासद' अशीच येणार. कोणत्या कॉलममुळे अडलं ते सांगत नाही. त्यामुळे लोकांना वाटतं टेबलच बंद झालं. 'काउंट(*)' मात्र चालतं, एका जरी कॉलमवर सिलेक्ट असलं तरी. उद्या 'आधार_जोडणी' असा नवा कॉलम आला तर तो अहवालला दिसणार नाही, वेगळा द्यावा लागेल. माझ्या मते हा तोटा नसून हाच फायदा आहे. '\डीपी'मध्ये या नोंदी शेजारच्या 'कॉलम प्रिव्हिलेजेस' रकान्यात येतात, तो बघायला विसरू नका.

पानशेत

मी यासाठी कॉलम ग्रँटपेक्षा व्ह्यू पसंत करतो. 'सभासद_यादी' नावाचा व्ह्यू, त्यात बँक_खाते नाही, अहवालला फक्त त्या व्ह्यूवर सिलेक्ट. 'सिलेक्ट *' चालतं, अहवालाची साधनं रुसत नाहीत.

तिसरा_डोळा

चालेल, पण व्ह्यू मूळ टेबल कोणाच्या नावावर वाचतो हे पक्कं माहीत हवं. मूळ नियमानं तो व्ह्यूच्या मालकाच्या परवानगीनं वाचतो, म्हणून तर अहवालला सभासद टेबलावर काही द्यावं लागत नाही. पण हीच गोष्ट रो लेव्हल सिक्युरिटीत उलटते. समजा 'प्रत्येक केंद्राला आपलेच सभासद' असा नियम सभासदवर लावला. टेबलाच्या मालकाला हे नियम लागू होत नाहीत. व्ह्यूही संघ_मालकचाच, म्हणून व्ह्यूतून सगळ्या केंद्रांचे सभासद सगळ्यांना दिसणार. उपाय दोन. १५ पासून व्ह्यूला 'सिक्युरिटी_इन्व्होकर' लावता येतं, मग वाचणाऱ्याच्या परवानग्या तपासल्या जातात (आणि मग त्याला मूळ टेबलावरही सिलेक्ट लागतं, म्हणजे बँक_खात्याचा प्रश्न पुन्हा कॉलम ग्रँटवर येतो). नाहीतर 'ऑल्टर टेबल संकलन.सभासद फोर्स रो लेव्हल सिक्युरिटी', म्हणजे नियम मालकालाही लागू. सुपरयूजर आणि बायपास आरएलएसवाले तरीही सुटतात.

मधली_सुट्टी

रिव्होक करूनही परवानगी जात नाही, चूकही येत नाही, असं कधी होतं? कॉलमचा प्रकार सोडून.

खडूस_डीबीए

चार कारणं डोळ्यासमोर आहेत.

एक, पब्लिक. अहवालकडून काढलं, पण पब्लिकला दिलेलं तसंच आहे. पोस्टग्रेसमध्ये 'यालाच नको' अशी नकाराची नोंद नसतेच. सगळ्या बाजूंनी मिळालेल्या परवानग्यांची बेरीज होते.

दोन, सदस्यत्व. अहवाल दुसऱ्या कुठल्या रोलचा सदस्य आहे आणि तिथून मिळतंय. '\ड्यू'मध्ये पूर्वी 'मेंबर ऑफ' असा रकाना असे, १६ मध्ये तो काढून '\डीआरजी' ही वेगळी आज्ञा आली. त्यात इन्हेरिट, सेट, ॲडमिन असे तिन्ही पर्याय दिसतात.

तीन, देणारा वेगळा. तिरक्या रेघेनंतरचं नाव बघा. तारा असलेल्या मधल्या रोलने दिलेली परवानगी मालकाने साधं रिव्होक केल्याने जात नाही, कारण मालकाने ती दिलेलीच नाही. मधल्या रोलकडचा हक्कच काढायला जाल तर 'डिपेंडंट प्रिव्हिलेजेस एक्झिस्ट' म्हणून अडवतं, 'कॅस्केड' लिहावं लागतं. म्हणून 'विथ ग्रँट ऑप्शन' शक्यतो कोणालाच देऊ नये, ही माझी खडूस भूमिका कायम आहे. सुपरयूजरने ग्रँट केलं तर देणारा म्हणून टेबलाच्या मालकाचंच नाव पडतं, तिथे प्रश्न येत नाही.

चार, फंक्शन. 'रिव्होक एक्झिक्यूट ऑन फंक्शन... फ्रॉम अहवाल' याचा उपयोग शून्य, कारण परवानगी पब्लिककडून आलेली आहे. 'फ्रॉम पब्लिक' काढा आणि हव्या त्या रोलला द्या. सिक्युरिटी डिफायनर फंक्शन असेल तर हे फारच महत्त्वाचं, ते मालकाच्या ताकदीनं चालतं. क्रिएट, रिव्होक आणि ग्रँट एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये करा, म्हणजे मधल्या काळात ते सगळ्यांना उघडं राहत नाही. आणि फंक्शनवरच सर्च पाथ (नावं कोणत्या स्कीमांत शोधायची ती यादी) बांधून टाका: 'सेट सर्च_पाथ = संकलन, पीजी_टेम्प'. पीजी_टेम्प शेवटी. ते लिहिलंच नाही तर टेबलांची नावं शोधताना टेम्पररी स्कीमा सगळ्यात आधी बघितली जाते, आणि कोणीही 'दर' नावाचं टेम्पररी टेबल बनवून तुमच्या फंक्शनला खोटे दर खाऊ घालू शकतो.

अर्धविराम

चौथ्याला पुरवणी. पुढच्या सगळ्या फंक्शन्ससाठी हे बंद करायचं तर 'ऑल्टर डिफॉल्ट प्रिव्हिलेजेस फॉर रोल संघ_मालक रिव्होक एक्झिक्यूट ऑन फंक्शन्स फ्रॉम पब्लिक' असं, 'इन स्कीमा' न लिहिता. स्कीमापुरता नियम मूळ नियमात फक्त भर घालू शकतो, वजा करू शकत नाही. 'इन स्कीमा' लिहिलं तरी ओळ बिनतक्रार चालते. परिणाम काहीच नाही.

रंकाळा

पब्लिक रोल आणि पब्लिक स्कीमा यांचा गोंधळ कोणी करण्याआधी लिहून ठेवतो. नाव एकच, वस्तू दोन. आवृत्ती १४ पर्यंत पब्लिक स्कीमात पब्लिक रोलला, म्हणजे कोणालाही, टेबलं बनवता येत. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या १५ मध्ये तो क्रिएटचा हक्क काढला. म्हणून जुनी शिकवणी बघून 'क्रिएट टेबल' करणाऱ्यांना आता 'परमिशन डिनाइड फॉर स्कीमा पब्लिक' येतं. यावर 'ग्रँट ऑल ऑन डेटाबेस' हा उपाय सर्रास सुचवला जातो, त्याने काही होत नाही. डेटाबेसवरचं क्रिएट म्हणजे नवी स्कीमा बनवायचा हक्क, स्कीमाच्या आत टेबल बनवायचा नव्हे. स्वतःची स्कीमा करा, किंवा ॲपच्या रोलला डेटाबेसचा मालक करा.

उलट बाजू अशी की १४ वरून अपग्रेड केलेल्या डेटाबेसमध्ये जुनाच सैल नियम चालू राहतो. '\डीएन+' देऊन पब्लिक स्कीमाच्या रकान्यात डावीकडे नाव नसलेल्या ओळीत मोठा सी आहे का बघा. असेल तर:

रिव्होक क्रिएट ऑन स्कीमा पब्लिक फ्रॉम पब्लिक;

मधली_सुट्टी

आभारी आहे. आणखी एक कोडं. केंद्र_ॲप पावतीत इन्सर्ट करतं आणि 'परमिशन डिनाइड फॉर स्कीमा संकलन' येतं. पण केंद्र_ॲपला यूसेज आहे! त्याच सेशनमध्ये सिलेक्ट चालतं.

तिसरा_डोळा

चुकीखालची 'कॉन्टेक्स्ट'ची ओळ वाचा. तिथे 'सिलेक्ट १ फ्रॉम ओन्ली संकलन.सभासद ... फॉर की शेअर' असं असणार. ही फॉरिन कीची तपासणी, म्हणजे पावतीतला सभासद_क्र सभासद टेबलात आहे ना ते बघणं. ती इन्सर्ट करणाऱ्याच्या नावावर होत नाही, ज्या टेबलात शोधायचं त्याच्या मालकाच्या नावावर होते. म्हणजे इथे सभासदच्या मालकाला, संघ_मालकला, संकलन स्कीमावर यूसेज नाही. स्कीमा सुपरयूजरने बनवली आणि नंतर फक्त टेबलांचा मालक बदलला, की हे होतं. 'ग्रँट यूसेज ऑन स्कीमा संकलन टू संघ_मालक' द्या, नाहीतर स्कीमाचीच मालकी त्याच्याकडे द्या.

याच कारणानं पावती लिहिणाऱ्याला सभासद वाचायची परवानगी लागत नाही. रेफरन्सेस हा हक्क फॉरिन की बनवताना लागतो, रोजच्या इन्सर्टला नाही.

मधली_सुट्टी

अगदी तेच निघालं. स्कीमाचा मालक 'पोस्टग्रेस' होता.

पानशेत

यूसेजवरून आठवलं. स्कीमावर यूसेज नसेल आणि टेबलाचं नाव स्कीमाशिवाय लिहिलं, तर 'परमिशन डिनाइड' येतच नाही. 'रिलेशन पावती डझ नॉट एक्झिस्ट' येतं. सर्च पाथमधल्या ज्या स्कीमांवर यूसेज नाही, त्या मुकाट्याने वगळल्या जातात. लोक तासभर टेबल शोधत बसतात, मायग्रेशन पुन्हा चालवतात. स्कीमासकट नाव लिहून बघा, खरी चूक लगेच बाहेर येते.

सायंपाळी

मायएसक्यूएलवरून आलेल्यांसाठी दोन ओळी, अवांतर वाटलं तर सोडून द्या. तिथे खातं म्हणजे नाव आणि होस्ट मिळून, त्यामुळे लोकलहोस्टवरचा अहवाल आणि टक्क्याच्या चिन्हाचा (कुठूनही येणारा) अहवाल ही दोन वेगळी खाती, परवानग्याही वेगळ्या. आणि ८.० मधले रोल नुसते ग्रँट करून जागे होत नाहीत. 'सेट डिफॉल्ट रोल' द्यावं लागतं, किंवा 'ॲक्टिव्हेट_ऑल_रोल्स_ऑन_लॉगिन' चालू करावं लागतं. 'शो ग्रँट्स'मध्ये रोल दिसतो आणि तरी काही चालत नाही, त्याचं कारण बहुतेक हेच.

खडूस_डीबीए

नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा रोल काढायची वेळ येतेच, म्हणून तेही इथेच. 'ड्रॉप रोल' केलं की 'काही वस्तू यावर अवलंबून आहेत' म्हणून नकार येतो. क्रम पाठ करा:

रिअसाइन ओन्ड बाय जुना_रोल टू संघ_मालक;
ड्रॉप ओन्ड बाय जुना_रोल;

हे दोन्ही, याच क्रमाने, त्या रोलचं काही असलेल्या प्रत्येक डेटाबेसमध्ये जाऊन. मग एकदाच 'ड्रॉप रोल'. दुसरी ओळ आधी चालवली तर त्याच्या मालकीची टेबलं डेटासकट जातात. नाव 'ओन्ड' असलं तरी त्याला मिळालेल्या परवानग्या आणि डिफॉल्ट प्रिव्हिलेजेसही तीच ओळ साफ करते, म्हणून ती टाळता येत नाही. मी 'बिगिन' लिहूनच करतो. ग्रँट, रिव्होक, ड्रॉप ओन्ड हे सगळं ट्रान्झॅक्शनमध्ये चालतं, रोलबॅक होतं.

अर्धविराम

ट्रान्झॅक्शनवरून: दोन डिप्लॉयमेंट एकाच वेळी एकाच टेबलावर किंवा स्कीमावर ग्रँट करायला गेली की एकीला 'टपल कन्करंटली अपडेटेड' येतं. अख्खा रकाना म्हणजे कॅटलॉगमधल्या (पोस्टग्रेसच्या स्वतःच्या नोंदींतल्या) एका ओळीतली एक किंमत, आणि दोघं तीच ओळ लिहायला बघतात. पुन्हा चालवलं की जातं. वारंवार होत असेल तर ग्रँटची पायरी समांतर चालवू नका.

कळफलक

सगळं लावून झालं की तपासायचं कसं, ते राहिलं. सुपरयूजरने लॉगिन करून क्वेरी चालवून बघण्यात अर्थ नाही, त्याला सगळंच दिसतं. 'सेट रोल अहवाल' करा, क्वेरी चालवा, 'रीसेट रोल' करा. मात्र 'ऑल्टर रोल अहवाल सेट सर्च_पाथ' असं काही ठेवलं असेल तर ते सेट रोलने लागू होत नाही, खऱ्या लॉगिनलाच होतं. पानशेत यांनी लिहिलेली 'डझ नॉट एक्झिस्ट'ची गंमत त्यामुळे इथेही दिसू शकते.

क्वेरी न चालवता विचारायचं तर 'हॅज_टेबल_प्रिव्हिलेज' हे फंक्शन आहे: रोल, टेबल, परवानगी असे तीन शब्द द्या, खरं की खोटं ते सांगतं, सदस्यत्वातून आणि पब्लिकमधून आलेलं धरून. त्यात दोन खाचा आहेत. स्कीमावर यूसेज आहे का ते हे बघत नाही, त्यासाठी 'हॅज_स्कीमा_प्रिव्हिलेज' वेगळं. आणि 'सिलेक्ट, इन्सर्ट' असं स्वल्पविरामाने दिलं तर दोन्हींपैकी एक असलं तरी उत्तर 'खरं' येतं. दोन्ही आहेत का हे हवं असेल तर दोनदा विचारा.

मधली_सुट्टी

शेवटचा प्रश्न. उदाहरणात नावं देवनागरीत आहेत, ती फक्त धाग्यासाठी की खरंच चालतात?

कळफलक

यूटीएफ-८ डेटाबेसमध्ये चालतात, अवतरणचिन्हांशिवायसुद्धा. मर्यादा ६३ बाइटची आहे आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना, मात्रा, हलन्तासकट, ३ बाइट घेतं. म्हणजे २१ चिन्हं. 'तालुका_दूध_संकलन_मासिक_अहवाल' हे नाव त्यात बसत नाही. ते शेवटी कापलं जातं आणि फक्त एक नोटीस येते. स्कीमा, टेबल, रोल सगळ्यांना हेच. दोन लांब रोलची सुरुवात सारखी असली तर कापल्यावर दोन्ही एकच नाव होतं, आणि एकाला दिलेलं ग्रँट दुसऱ्याच्या खात्यात जमा होतं.